साप्पोरोची निसरडी वाट

जपानच्या चार मोठ्या बेटांपैकी सर्वांत उत्तरेचे बेट होक्काइदो, आणि त्या बेटाचे मुख्य शहर साप्पोरो. मेइजी राजवटीने १८६९ पासून हे शहर आखून वसवले. त्यामुळे येथील रस्ते बुद्धिबळाच्या पटासारखे सरळ असून एकमेकांना काटकोनात छेदतात. लोकवस्ती वीस लाखांच्या घरात आहे. शहराचे नाव मूळच्या ऐनू लोकांच्या भाषेतून आले असून त्याचा अर्थ ‘कोरडी मोठी नदी’ असा सांगितला जातो. डिसेंबर ते मार्च या काळात येथे उतरणाऱ्या प्रवाशाला मात्र कोरडे असे काहीच दिसत नाही. छपरे, झाडे, उद्याने आणि रस्त्यांच्या कडा हिमाखाली झाकून गेलेल्या असतात.

नकाशा पाहिला तर या हिमाचे आश्चर्य वाटते. साप्पोरो ४३ उत्तर अक्षांशावर आहे आणि फ्रान्समधील मार्से हे उबदार बंदरही त्याच अक्षांशावर आहे. फरक पडतो तो वाऱ्यामुळे. सैबेरियाकडून येणारे गार आणि कोरडे वारे जपानच्या समुद्रावरून वाहताना बाष्प शोषून घेतात आणि होक्काइदोच्या डोंगरांना अडून ते सगळे हिमाच्या रूपाने खाली टाकतात. एका हिवाळ्यात पडणाऱ्या हिमाची बेरीज केली तर ती पाच मीटरच्या जवळपास जाते. एवढे हिम दरवर्षी पडते आणि तरीही जेथे वीस लाख माणसे नोकरी, शाळा, बाजारहाट करीत असतात, अशी शहरे जगात फार थोडी आहेत.

बाहेरच्या जगाला साप्पोरो माहीत झाले ते १९७२ च्या हिवाळी ऑलिंपिकमुळे आणि फेब्रुवारीतील हिमोत्सवामुळे. १९५० साली शाळकरी मुलांनी शहराच्या मध्यभागी असलेल्या ओदोरी उद्यानात सहा हिमशिल्पे उभी केली, तेथून या उत्सवाला सुरुवात झाली. आज तो पाहण्यासाठी लाखो लोक येतात. माहितीपत्रकांतून हिमाचे राजवाडे आणि दिव्यांची आरास दिसते. त्या राजवाड्यांपर्यंत पोहोचवणारा पदपथ त्या चित्रांत नसतो. प्रवाशाची खरी परीक्षा होते ती या पदपथावर.

साप्पोरोच्या रहिवाशाची चाल जानेवारीत पाहण्यासारखी असते. पावले लहान, गुडघे किंचित वाकलेले, शरीराचा भार थोडा पुढे आणि तळवा एकदम सपाट टेकवलेला. टाच आधी टेकवून लांब ढांग टाकणे ही आपल्याकडची सवय येथे कामाची नाही, कारण टाचेच्या लहानशा कडेवर सगळा भार आला की ती पुढे सरकते आणि माणूस पाठीवर पडतो. हात खिशात नसतात, ते मोजे घालून मोकळे सोडलेले असतात. सामान हातातल्या पिशवीऐवजी पाठीवर घेतलेले असते. डोक्यावर लोकरीची टोपी असते. ती थंडीसाठी तर असतेच, पण डोके आपटले तर थोडा आधार म्हणूनही असते. दिवा बदलत आला म्हणून चौक धावत ओलांडणारा माणूस सहसा बाहेरगावचा निघतो.

नजरही पायापुढच्या थोड्या अंतरावर खिळलेली असते. पुढची चार हात जागा पाहत, मन दुसरीकडे जाऊ न देता चालण्याचा नियम जैन वाचकाला ईर्यासमितीच्या रूपाने परिचित आहे. तेथे हेतू पायाखालच्या जीवाच्या रक्षणाचा असतो, येथे तो स्वतःच्या हाडांच्या रक्षणाचा आहे. हेतू निराळे असले तरी गती, नजर आणि अवधान यांना लागणारी शिस्त मात्र सारखीच आहे.

थंडी जितकी अधिक तितकी घसरण अधिक, असा आपला समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही. बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा एक अतिशय पातळ थर असतो, ही कल्पना इंग्लिश शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी १८५० साली मांडली. पुढील संशोधनाने तिला दुजोरा दिला. पाऊल सरकताना होणाऱ्या घर्षणाच्या उष्णतेनेही थोडे पाणी सुटते. तापमान शून्याच्या जवळ असते तेव्हा हा ओलावा सर्वाधिक असतो आणि तेच बर्फ सर्वांत दगाबाज ठरते. कडाक्याच्या थंडीत हिम कोरडे राहते, पायाखाली करकरते आणि बऱ्यापैकी पकड देते. साप्पोरोच्या ईशान्येस रेल्वेने सुमारे १३७ किलोमीटरवर असलेल्या आसाहिकावा येथे २५ जानेवारी १९०२ रोजी उणे ४१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. जपानमधील नीचांकाचा तो विक्रम आजही कायम आहे. साप्पोरोची थंडी त्या मानाने सौम्य. जानेवारीत दुपारी पारा शून्याच्या आसपास असतो आणि रात्री तो उणे सहा-सातपर्यंत उतरतो. दिवसा हिम थोडे वितळते, रात्री ते पुन्हा गोठते. वितळण्याच्या आणि गोठण्याच्या या रोजच्या फेऱ्यांतून जो कडक, चकचकीत थर तयार होतो, तो साप्पोरोच्या पादचाऱ्याचा खरा शत्रू.

हिमाचा अभ्यास या शहराला नवा नाही. होक्काइदो विद्यापीठातील प्राध्यापक नाकाया उकिचिरो यांनी १९३६ साली येथेच प्रयोगशाळेत हिमाचा स्फटिक तयार केला. जगात असे प्रथमच घडले. पण सामान्य नागरिकाचे हिमाविषयीचे ज्ञानही काही कमी नाही. ताजे भुसभुशीत हिम, पावलांनी आणि चाकांनी दाबून घट्ट झालेले हिम आणि उघडा बर्फ यांतला फरक तो पायानेच ओळखतो. अतिशय गुळगुळीत रस्त्याला जपानी लोक ‘त्सुरुत्सुरु’ म्हणतात. हा ध्वनिवाचक शब्द आपल्या ‘सुळसुळीत’ या शब्दाच्या जातीचा. दोन प्रकार विशेष फसवे. एकात ओल्या डांबरासारखा काळा रस्ता दिसतो, पण प्रत्यक्षात त्यावर बर्फाचा पारदर्शक पापुद्रा असतो. दुसऱ्यात बर्फावर बोटभर ताजे हिम पडलेले असते. वरून वाट मऊ दिसते आणि आत काच दडलेली असते.

साप्पोरोची वाट इतकी निसरडी होण्यामागे निसर्गाइतकाच माणसाच्या एका निर्णयाचाही वाटा आहे. तो निर्णय चांगला होता, म्हणूनच त्याची कथा समजून घेण्यासारखी आहे.

१९८० च्या दशकापर्यंत उत्तर जपानमधील मोटारी हिवाळ्यात धातूचे खिळे बसवलेली टायरे वापरीत. बर्फात ती घट्ट रुतत आणि गाडी घसरत नसे. पण जेथे बर्फ नसेल तेथे हेच खिळे डांबर खरवडून काढीत. हिवाळ्याच्या आरंभी आणि अखेरीस शहरांवर काळ्या धुळीचे ढग येत, साचलेले हिम काळे पडत असे आणि नागरिकांना श्वासाचा त्रास होई. लोकांनी आवाज उठवला. अखेर १९९० साली संसदेने कायदा केला आणि पुढील दोन वर्षांत अशा टायरांचा वापर व्यवहारात संपला. त्यांच्या जागी खास मऊ रबराची, खिळे नसलेली टायरे आली. हवा स्वच्छ झाली आणि वसंतातली काळी धूळ गेली.

मात्र एक परिणाम कुणी पुरता ओळखला नव्हता. चौकात थांबलेली आणि पुन्हा सुरू होणारी गाडी जागेवर थोडी फिरते. खिळ्यांची चाके बर्फ फोडून खडबडीत करीत असत. नवी मऊ चाके तोच बर्फ घासून घासून आरशासारखा करू लागली. आणि जेथे गाड्या थांबतात तेथेच माणसे रस्ता ओलांडतात. नव्या टायरांच्या पहिल्या काही हिवाळ्यांत पादचाऱ्यांच्या पडण्याचे प्रमाण लक्षणीय वाढले. आजही एका हिवाळ्यात साप्पोरोमध्ये घसरून पडल्यामुळे रुग्णवाहिकेतून रुग्णालयात न्यावे लागलेल्यांची संख्या हजाराच्या आसपास असते, आणि काही वर्षी ती बरीच पुढे जाते. जे स्वतः उठून घरी गेले ते या हिशेबात नाहीत.

जमाखर्चाच्या भाषेत सांगायचे तर स्वच्छ हवेचा लाभ सर्वांच्या खाती जमा झाला, पण त्याची किंमत एका वर्गाच्या नावे पडली. हा वर्ग पायी चालणाऱ्यांचा, आणि त्यातही वृद्धांचा. साप्पोरोत दर चार माणसांतील एकाहून अधिक व्यक्ती पासष्टीच्या पुढे आहेत. तरुण घसरला तर कपडे झटकून हसत उठतो. सत्तरीतली स्त्री घसरली तर मनगट मोडते, किंवा खुब्याचे हाड मोडते. खुब्याचे हाड मोडले की शस्त्रक्रिया, महिनोन्‌महिने अंथरूण, आणि अनेकांच्या बाबतीत स्वतंत्रपणे वावरण्याचा कायमचा शेवट. याहून सूक्ष्म हानी पडण्याच्या भीतीची. एकदा पडलेली किंवा शेजारणीला पडलेले पाहिलेली वृद्धा चार महिने उंबऱ्याबाहेर जात नाही. बाजार बंद, ओळखीपाळखी बंद, चालणे बंद. न चालल्याने पायांतील बळ ओसरते आणि पुढच्या हिवाळ्यात पडण्याचा धोका आणखी वाढतो. आपल्याकडेही ज्या घरांत आजी-आजोबा आहेत, त्यांना पावसाळ्यातील शेवाळलेल्या पायऱ्या आणि ओली न्हाणीघरे यांमुळे ही साखळी ठाऊक आहे.

मग शहराने काय केले? खिळ्यांच्या टायरांकडे ते परत गेले नाही. जी किंमत एका वर्गावर पडली होती, ती सर्वांनी मिळून उचलण्याचे उपाय त्याने शोधले.

पहिला उपाय खर्चाचा. अलीकडच्या वर्षांत साप्पोरो महापालिका रस्त्यांवरील हिम हटवण्यासाठी दरवर्षी सुमारे दोन हजार कोटी येन किंवा त्याहून अधिक तरतूद करते. रुपयांत ही रक्कम एक हजार कोटींच्या वर जाते, आणि ती खर्च होऊन जे उरते ते पुढच्या हिवाळ्यात पुन्हा पडणारे हिम. रात्री शहर झोपले असताना यंत्रे हिम लोटतात, मालमोटारी ते वाहून नेतात. काही चढांवर आणि इमारतींच्या दाराशी जमिनीखालून उष्णता देऊन बर्फ वितळवला जातो. परंतु त्याला लागणारे इंधन इतके महाग की सर्व शहरभर असे करणे शक्य नाही.

दुसरा उपाय भूमिगत वाटांचा. १९७१ मध्ये, ऑलिंपिकच्या तोंडावर, भुयारी रेल्वेबरोबरच ओदोरी परिसरात दोन भूमिगत बाजारपेठा सुरू झाल्या. मार्च २०११ मध्ये मुख्य रेल्वेस्थानकापासून ओदोरीपर्यंत ५२० मीटर लांबीचा रुंद भूमिगत पादचारी मार्ग खुला झाला आणि हे दोन्ही भाग जोडले गेले. आता रेल्वेस्थानकापासून सुसुकिनो या गजबजलेल्या भागापर्यंत बर्फाला पाय न लावता जाता येते. या वाटेवर बसायला बाके आहेत, लहान प्रदर्शने भरतात, विक्रीची टेबले मांडली जातात. हिवाळ्यात घरात अडकलेल्या वृद्धांना फेरफटका मारण्याची ती एक सोय झाली आहे.

तिसरा उपाय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लक्षणीय. शहरातील चौक, चढ आणि गर्दीच्या ठिकाणी शेकडो पेट्या ठेवलेल्या आहेत. नवख्या प्रवाशाला त्या कचरापेट्या वाटण्याचा संभव असतो. झाकण उघडले तर आत बारीक दगडी खडीच्या लहान पिशव्या किंवा बाटल्या असतात, एका हाताने सहज उचलता येतील एवढ्या. चालणाऱ्या कोणीही त्यातील एक घ्यावी, पुढच्या गुळगुळीत जागेवर खडी पसरावी आणि आपल्या वाटेने जावे. परवानगी नको, पैसे नकोत. मोकळी पिशवी परत पेटीजवळ ठेवली की झाले. पेट्या पुन्हा भरण्याची व्यवस्था आहे. दुकानदार सकाळी दुकान उघडण्यापूर्वी दारापुढे खडी टाकतात, कार्यालयातील कर्मचारी आपल्या इमारतीपुढे टाकतात.

ही खडी टाकणाऱ्याचा स्वतःचा लाभ पाहिला तर तो थोडा आहे. त्याला तो चौक एकदाच ओलांडायचा असतो, आणि पेटी उघडून खडी पसरण्यापेक्षा जपून चार पावले टाकणे त्याला सोपे असते. तो वाकतो ते मागून येणाऱ्यासाठी. मागून येणारा कोण, हे त्याला ठाऊक नसते, आणि वाट कोणी खरखरीत केली हे मागच्यालाही कधी कळत नाही. आपल्याकडे गुप्तदानाला जे मोल आहे, ते येथे मूठभर खडीला आले आहे. या उपायाला मर्यादाही आहेत. तासाभरात नवे हिम पडले की खडी खाली गाडली जाते, वर्दळीने ती विस्कटते, बुटांना चिकटून दुकानांत येते. म्हणून हे काम एकदा करून संपत नाही. रोज, आणि हिम पडत असेल तर दिवसातून अनेकदा, कोणीतरी पुन्हा वाकावे लागते.

घसरण्याचा हा विषय साप्पोरोच्या भाषेतही मुरलेला आहे. जपानी भाषेत ‘घसरणे’ याला ‘सुबेरु’ म्हणतात आणि परीक्षेत नापास होणे यालाही बोलीत हाच शब्द आहे. जपानमधील महत्त्वाच्या प्रवेशपरीक्षा जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे ऐन बर्फात होतात. त्या काळात घरातील माणसे परीक्षार्थीसमोर हा शब्द उच्चारायचे टाळतात. रेल्वेची चाके घसरू नयेत म्हणून रुळांवर टाकली जाणारी वाळू काही रेल्वे कंपन्या परीक्षार्थींना शुभचिन्ह म्हणून वाटतात, ती याच समजुतीतून. साप्पोरोच्या ट्रामचीही स्वतःची परंपरा आहे. बांबूच्या काड्यांचे मोठे फिरते खराटे बसवलेली एक खास गाडी १९२५ पासून पहाटे रुळांवरचे हिम झाडत जाते. एवढी यंत्रे आली तरी बांबूच्या खराट्याला पर्याय मिळालेला नाही.

महाराष्ट्रातून हिमोत्सवासाठी येणाऱ्या, किंवा सिमला, मनाली, गुलमर्गला हिवाळी सहलीला जाणाऱ्या कुटुंबांना साप्पोरोकरांच्या या अनुभवातून काही गोष्टी घेता येतील. नेहमीचे गुळगुळीत तळव्याचे बूट येथे निरुपयोगी. खोल नक्षीचा मऊ रबरी तळवा हवा. चामडे न वापरणाऱ्यांची अडचण होत नाही, कारण रबराचे आणि कृत्रिम धाग्यांचे हिमबूट सर्वत्र मिळतात. ओल्या हिमात ते अधिक उपयोगी पडतात. बुटावर चढवायचे दातेरी पट्टेही दुकानांत मिळतात. ते बर्फावर उत्तम, पण इमारतीत शिरताना काढलेच पाहिजेत, कारण फरशीवर धातूचे दातेच घसरतात. ज्येष्ठांच्या काठीला टोकदार टोपण बसवून मिळते.

कोठे जपावे हेही ठरलेले आहे. चौकातील पांढरे पट्टे, बस आणि टॅक्सीचे थांबे, वाहनतळांची तोंडे, दुकानाच्या दारातील ओल्या फरशा आणि उताराचे पदपथ ही पडण्याची नेहमीची ठिकाणे. सकाळ-संध्याकाळ गोठण्याच्या वेळी विशेष सावध असावे. दोन ठिकाणांमधील अंतर कापण्यासाठी नेहमीपेक्षा बराच अधिक वेळ हाताशी ठेवावा. अनेक जण पडतात ते बर्फामुळे कमी आणि गाडी चुकेल या घाईमुळे अधिक. तोल गेलाच तर हातातील वस्तू वाचवू नये, ती सोडून द्यावी. भ्रमणध्वनी पुन्हा घेता येतो. हनुवटी छातीकडे ओढून, शरीर गोळा करून खाली बसल्यासारखे पडले तर डोके वाचते. आणि वाटेत खडीची पेटी दिसली, समोरची जागा चकाकत असली, तर पाहुण्यानेही एक पिशवी उघडण्यास हरकत नाही.

एप्रिल उजाडता उजाडता साप्पोरोचे हिम वितळते. चार महिने दिसेनासे झालेले पदपथ उघडे पडतात आणि त्यांवर सर्वत्र करड्या खडीचे पट्टे दिसू लागतात. चौकाच्या कडेला, चढाच्या माथ्यावर, रुग्णालयाच्या आणि शाळेच्या दारापाशी त्यांचे थर अधिक जाड असतात. मग महापालिकेच्या गाड्या फिरतात आणि हिवाळाभर टाकलेली ही खडी झाडून नेतात. तोवर उद्यानांत हिरवळ फुटू लागलेली असते आणि पेट्यांची झाकणे पुढच्या हिवाळ्यापर्यंत बंद झालेली असतात.